फाळाचं ताक

माझा धाकटा भाऊ पायानं अधू नव्हता, तरी पळायचं काम त्यानं माझ्याकडे लावून दिलं होतं. शेळगावात आमच्या मळ्याच्या वरच्या अंगानं पाट जायचा. पाण्याची पाळी आली की हा ओट्यावर पोट पुढं काढून बसायचा आणि हुकूम सोडायचा, "आक्के, पानी कुठवर आलंय बघून यी." मी वांग्यांच्या सऱ्या तुडवत जायची, बघायची, तशीच परत यायची आणि धापा टाकत सांगायची. ऐकताना तोही धापा टाकायचा. मी निदान पळून आलेली असायची.

ही एकोणीसशे तीस ते चाळीसच्या दरम्यानची गोष्ट. तो सातव्या वर्षात होता, मी तेराव्या. त्याचे हातपाय म्हणजे काटक्या, आणि पोट डाव्या बरगडीखाली सुरू व्हायचं ते थेट बेंबीच्या खाली जायचं. ओठ पांढरे, डोळे पिवळसर. कपाळ पुढं आलेलं, गालाची हाडं वर, नाक बसकं. आमच्या घरात असं तोंड कुणाचंच नव्हतं. होतं ते फक्त आमच्या दोघांच्या मधल्या बहिणीचं, आणि ती तीन वर्षांची होऊन गेली होती. शेजारणी भावाला बघून म्हणायच्या, "तीच परत आलीया." त्यांना वाटायचं, आईला बरं वाटेल. आई त्यांच्यासमोरून उठून जायची.

आई निवांत बसलेली मला आठवतच नाही. जेवतानासुद्धा तिचा एक गुडघा उभा असायचा, केव्हाही उठायच्या तयारीत. सकाळी चूल पेटवायच्या आधी ती भावाची खालची पापणी ओढून आतला रंग बघायची. मग माझी बघायची. माझाही रंग काही फार चांगला नव्हता. चढाला मी दमायची, आणि आई "अंगात आळस भरलाय नुसता" म्हणून दटावायची. तेही दटावणं अर्धवट राहायचं, कारण तेवढ्यात तिला दुसरं काहीतरी आठवायचं आणि ती तिकडं धावायची.

गावात पोट वाढलेली मुलं पुष्कळ होती. पाटाच्या पाण्यानं मळे पिकले, तशी डासांचीही चंगळ झाली होती. घरटी एक तरी माणूस घोंगडीखाली कुडकुडत असायचं. पोट वाढलं की पानथरी, म्हणजे प्लीहा सुजलेली, पानथरी म्हटली की हिवताप, आणि हिवताप म्हटला की कोयनेल, हे आम्हा पोरांनाही पाठ होतं. भावाला इंदापूरला बाजाराच्या दिवशी एका डॉक्टरांकडे नेलं होतं. त्यांनी बोटांनी पोट वाजवून बघितलं आणि तेच कोयनेल दिलं. कडू म्हणजे किती कडू! ते गिळलं की तो दिवसभर आमच्या सगळ्यांशी अबोला धरायचा. मला मात्र त्या अबोल्यातही हातानं खुणा करून पाटावर पिटाळायचा. इतर पोरांची पोटं दोन-चार महिन्यांत खाली बसली. याचं वाढतच राहिलं. मग आबा, म्हणजे आमचे वडील, डाग द्यायचं बोलायला लागले. पानथरीवर तापल्या सळईचा डाग द्यायची तेव्हा रीतच होती.

आई म्हणाली, "मधलीला दिलं की तीन डाग. ऱ्हायली का ती?"

आबांनी डागाचा विषय सोडला. पुढच्या आठवड्यात आम्ही बारामतीला गेलो. मला न्यायचं कारण एवढंच, की भाऊ माझ्याशिवाय हलायला तयार नव्हता. वाटेत पुढं काय आहे ते बघून यायला त्याला माणूस लागायचं.

बारामतीचे डॉक्टर तरणे होते, मुंबईहून शिकून नुकतेच आलेले. त्यांनी पोटाला हातच लावला नाही. आधी कितीतरी वेळ भावाच्या तोंडाकडे बघत बसले. मग बोटाला टोचून काचेवर रक्ताचा थेंब घेतला आणि पितळी नळीच्या यंत्रातून तो बघितला. भाऊ बोट चोखत मला म्हणाला, "आक्के, तूबी बघ की काय दिसतंय." डॉक्टरांनी मला बघू दिलं. मला काही कळलं नाही. मी त्याला सांगितलं, तांबूस ठिपके दिसतात, काही पोकळ, काही चेपलेले. तेवढ्यावर त्याचं समाधान झालं.

"याच्या आधी घरात असं कुणी होतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"लेक व्हती," आई म्हणाली. "हेच त्वांड व्हतं."

"तुम्ही दोघं लग्नाआधीपासून नात्यातली?"

आबांची छाती फुगली. "व्हय तर! मामाचीच पोरगी हाय. हक्काची." आमच्याकडे मामाची मुलगी करणं म्हणजे मान होता. परकी मुलगी आणायची ती घरात मिळाली नाही तर. माझंही तसंच ठरलेलं होतं, मी पाळण्यात होते तेव्हापासून, कोऱ्हाळ्याच्या आत्याच्या मुलाशी. त्याच्या बाजूनं मोजलं तर मीही मामाचीच मुलगी. आबांनी तेही सांगून टाकलं. मला खांद्याला धरून पुढं केलं आणि म्हणाले, "ही बी माझ्या भनीच्या घरात जायची हाय. बाहीर न्हाय जायची."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मग माझीही पापणी ओढून बघितली, आणि हात धुवायला गेले. परत येऊन म्हणाले, "हा हिवताप नाही. एकाच घरात दोन मुलं, तेच तोंड, तेच पोट. हे जन्माबरोबर आलेलं दुखणं आहे. रक्त तयार होतं, पण टिकत नाही. परदेशात अशा मुलांबद्दल कुणीतरी लिहिलंय, ते मी एकदाच वाचलंय. आईबापांकडूनच येत असावं. त्यापलीकडे मलाही ठाऊक नाही."

"आमी दोगं तर धडधाकट हाय," आबा म्हणाले.

"तेच कळत नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांनी पुण्याच्या मोठ्या इस्पितळाची वाट दाखवली. तिथं एका माणसाचं रक्त दुसऱ्याला देतात, त्यानं मुलाला हुशारी येईल म्हणाले.

"बरा हुईल?"

"काही आठवडे बरा राहील."

"आन् मग?"

"मग पुन्हा द्यावं लागेल."

"म्हंजी फुटक्या मोटेनं पानी वडायचं," आबा म्हणाले.

बाहेर आल्यावर आईनं माझा दंड इतका घट्ट धरला की मी ओरडले. मला वाटलं, टांग्याखाली जाईन म्हणून धरलाय. तिचं लक्ष टांग्याकडे नव्हतंच.

पुण्याला आम्ही बारामतीहून सुटणाऱ्या लहान गाडीनं गेलो, दौंडला उतरून मोठ्या गाडीत बसलो. भाऊ खिडकीत आणि मी त्याच्या मागं. ह्या वेळी बघायला पळावं लागत नव्हतं, जग आपणच पळत येत होतं, आणि तो फार खूश होता. इस्पितळात आबांचं रक्त जुळलं. माझे आबा बांधावर नाग निघाला तर काठी घेऊन पुढं होणारे, पण सुई बघून त्यांना घाम फुटला. व्हरांड्यात बसलेले लोक आईला सांगत होते, रक्त दिलं की माणसाचं आयुष्य उणं होतं. आई त्यांच्यापुढून येरझाऱ्या घालत होती. एकदा आबांच्या दाराशी जायची, एकदा भावाच्या. दोन्ही दारं बंद होती. मी तिच्या मागं मागं फिरत होते, कारण एका जागी उभं राहिलं की मला रडू यायचं.

आबा दंड दाबत बाहेर आले आणि पहिलं वाक्य बोलले, "आता बघ, पोरगं माझ्यावानी तापट व्हतंय का न्हाय." दुसऱ्या दिवशी भावाचे ओठ लाल झाले होते. ते मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. मला तो अनोळखीच वाटला, जरा परका, आणि इतका देखणा की मी त्याच्या गालाला हात लावून बघितला. त्यानं हात झटकला. आबांचं रक्त लागू पडलं होतं.

शेळगावला आल्यावर पहिल्याच पाळीला मी सवयीनं उठले, तर तो म्हणाला, "तू बस. म्या जातू." आणि तो पळाला. वांग्यांच्या सऱ्यांमधून, पोट हलवत, मधेच बसून, पुन्हा उठून. मी ओट्यावर बसून राहिले. परत येऊन तो ओरडला, "आंब्यापातूर आलंय!" पाणी खरं तर आंब्याच्या कितीतरी पुढं आलं होतं, मला ओट्यावरून दिसत होतं. आई चुलीपाशी होती. ती बाहेर आली, त्याला पाहिलं आणि हसली. लगेच तिनं त्याची पापणी ओढून बघितली.

"काही आठवडे" हे डॉक्टरांचे शब्द तिला झोपू देत नव्हते. दिलेलं रक्त अंगात धरून कसं ठेवायचं, ह्यावर ती रात्रंदिवस विचार करायची. आमच्याकडे बाळंतिणीला अंगात रक्त भरावं म्हणून चार दिवस फाळाचं ताक द्यायची पद्धत होती. आईनं नांगराच्या तुटक्या फाळाचा एक तुकडा शोधून काढला. रोज सकाळी तो चुलीत घालायचा, लालभडक झाला की सांडशीत धरायचा आणि ताकाच्या वाडग्यात सोडायचा. चर्र असा मोठा आवाज व्हायचा, ताक उकळल्यासारखं वर यायचं आणि करपट वास सुटायचा. त्या ताकाला काळपट रंग यायचा. ते भाऊ घटाघटा पिऊन टाकायचा, कारण त्याआधी त्याला तो आवाज ऐकायला मिळायचा. तो उठल्या उठल्या चुलीपुढं उकिडवा बसायचा आणि फाळ लाल व्हायची वाट बघायचा. आईनं त्याला न सांगता फाळ सोडला तर दुसऱ्यांदा तापवायला लावायचा. चर्र झालं की दोन्ही हातांनी मांड्या बडवून हसायचा.

आठवडे गेले आणि त्याचे ओठ लालच राहिले. आईला वाटलं, फाळानं रक्त धरलं. मलाही तसंच वाटलं. आबांनाही वाटलं. कुणालाही वाटलं असतं.

थंडी पडली तसा कोऱ्हाळ्याहून आत्याचा निरोप आला. त्यांचं गुऱ्हाळ लागलं होतं. ताजा गूळ खायला या आणि येताना लग्नाचा महिनाही ठरवून टाकू, असा सांगावा होता. आबा म्हणाले, "जा तुमी. मला पाळी सोडून न्हाय येता यायचं." आई निघाली, आम्हा दोघांना घेऊन. निघताना तिनं फाळाचा तुकडा फडक्यात गुंडाळून चुलीमागं ठेवला आणि आम्हाला बजावलं, "तितं फाळाचं नाव काडायचं न्हाय."

तिच्या मनात काय होतं ते तिनं मला पुढं माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी सांगितलं, पण इथं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टरांना जे नीट ठाऊक नव्हतं ते तिनं मनाशी पक्कं करून टाकलं होतं. घरात घर करून दोन मुलं अशी निपजली. पुन्हा घरात घर करायचं नाही. मला आत्याच्या घरी द्यायची नाही. पण कारण सांगायची सोय नव्हती. रक्तातच खोट आहे असं एकदा बाहेर गेलं असतं तर आत्या तर आत्या, इंदापूर-बारामतीत मला कुणी उंबऱ्यावर उभं केलं नसतं. हिवतापाची लाज कुणालाच नव्हती. भावाला हिवताप होता, तो पुण्याच्या औषधानं गेला, असंच आम्ही सगळीकडे सांगितलं होतं. बरा झालेल्या पोराला रोज सकाळी फाळाचं ताक पाजायचं म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय हे आत्यानं लगेच ओळखलं असतं. म्हणून फाळ घरी राहिला. आईनं दुसरंच कारण जुळवून नेलं होतं.

कोऱ्हाळ्यात गुऱ्हाळावर मोठी गडबड होती. चुलवणात चिपाडं धडधडत होती, काहिलीत रस उकळत होता, आणि आत्याचा मुलगा, माझा ठरलेला नवरा, गुळव्याच्या हाताखाली राबत होता. सतरा-अठरा वर्षांचा, उंच, बोलायला कमी. तो मला उसाचा कोवळा शेंडा नाही, मधलं गोड कांडं सोलून द्यायचा आणि माझ्याकडे न बघता निघून जायचा. मला तो आवडायचा. हे मी आज सरळ सांगते, तेव्हा मरून गेले असते तरी सांगितलं नसतं.

आई रोज सकाळी ठरवायची, आज सांगायचं. रोज संध्याकाळी तिचं राहून जायचं. आत्या तिच्या पुढ्यात गरम काकवी ठेवायची, भावाचे गाल ओढून म्हणायची, "पोरगं कसं लालेलाल झालंय, वैनी! आता घोर सोडा." आई हं हं करायची, उठायची, पाणी भरायला जायची, भरलेला हंडा रिकामा करून पुन्हा जायची. भाऊ सकाळी उठून आत्याच्या चुलीपुढं बसायचा आणि आईकडे बघायचा. एकदा तो म्हणालाच, "आई, चर्र कवा करायचं?" आईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. आत्यानं विचारलं, "काय म्हनतंय ते?" आई म्हणाली, "काकवीचं ईचारतंय." त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला खोटं कळायचं, पण का ते कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं आणि मला त्या दोघांचाही राग आला.

निघायच्या आदल्या दुपारी आईनं त्याची पापणी ओढली आणि तशीच धरून ठेवली. मी वाकून बघितलं. आतला रंग उतरला होता. आई उठली आणि तडक आत्याकडे गेली.

"वन्सं, लगीन न्हाय व्हायाचं," ती म्हणाली. "देवाला कौल लावला व्हता. डावा दिला देवानं."

आमच्याकडे देवाच्या मूर्तीला फुलाच्या पाकळ्या चिकटवून कौल लावतात. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचं हो, डावी पडली तर नाही. आणि देव नाही म्हणाला तर त्यापुढं बोलायची सोय नसते. आईनं कौल लावला नव्हता. मी तिच्याबरोबर चोवीस तास असायची, मला ठाऊक होतं. देवघरात पाय ठेवताना पदर सावरणारी माझी आई देवाच्या नावावर खोटं बोलत होती, आणि तिचा आवाज जराही हलला नाही.

आत्या आधी विनवत राहिली, मग बिथरली. "माज आलाय तुमास्नी. माझ्या भावाचं रगत पिऊन पोरगं लाल झालं, आन् आता माझं घर नगं व्हय?" आबांनी 'कुणाला सांगू नगंस' म्हणत रक्त दिल्याचं बहिणीलाच सांगून टाकलं होतं. आई खाली मान घालून ऐकत राहिली. मी गुऱ्हाळामागं जाऊन चिपाडांच्या ढिगात तोंड खुपसून रडले. आईचा मला इतका राग आला होता की परतीच्या वाटेवर मी तिच्याशी बोलले नाही. ती मात्र भावाला मांडीवर घेऊन गाडीवानाला सारखी म्हणत होती, "जरा दामटा, जरा दामटा."

घरी पोचल्यावर पायही न धुता तिनं चूल पेटवली. फाळ तापवला, ताकात सोडला. चर्र झालं. भावानं मांड्या बडवल्या नाहीत, नुसता हसला. दुसऱ्या दिवशी तिनं दोनदा ताक दिलं, मग तीनदा. त्याचा रंग काही परत आला नाही. त्यातच त्याला ताप भरला. तो पुन्हा ओट्यावर बसायला लागला, मग ओट्यावर आडवा व्हायला लागला, आणि पाण्याची पाळी आली तरी मला कुठं पाठवेना. तेव्हा आबा म्हणाले, "चला, माझं रगत हाय की अजून."

बारामतीच्या स्टेशनात आम्ही सकाळी लवकर येऊन बसलो. ऊन कोवळं होतं. भाऊ आबांच्या मांडीवर, धोतराच्या सोग्यात गुंडाळलेला. आई फलाटावर इकडून तिकडं चालत होती. त्यानं डोळे उघडले, मला शोधलं आणि म्हणाला, "आक्के, गाडी कुठवर आली बघून यी."

मला इतका आनंद झाला की विचारू नका. मी फलाटाच्या टोकाला पळाले, तिथून खाली उतरून रुळांच्या कडेनं पळाले. लांबवर धूर दिसला. तो नक्की गाडीचाच आहे हे बघायला आणखी पुढं गेले, आणि मग ओरडत परत आले, "आली! बाभळीपातूर आली!"

आई चालायची थांबली होती. आबांनी त्याचं तोंड सोग्यानं झाकलं होतं. गाडी आली, माणसं उतरली, माणसं चढली. आम्ही चढलो नाही.

माझं लग्न पुढं इंदापूरच्या अंगाला, नात्याबाहेर झालं. त्या घराला मी परकी आणि मला ते परकं, पण रुळले. पाच मुलं झाली, जराशी फिकट, पण पाचही जगली. आबा कौलावर विश्वास ठेवूनच गेले. आत्यानं आईचं तोंड पुन्हा पाहिलं नाही. आणि आई पुढची सगळी वर्षं एकच बोलत राहिली, "कोऱ्हाळ्याचे ते दिस ताक चुकवलं म्या. फाळानं धरल्यालं रगत सुटलं. देवाच्या नावानं खोटं बोलले, त्यानं पोरगं नेलं." ती हे माझ्यासमोर बोलायची आणि मग घाईनं माझ्या पाठीवरून हात फिरवायची. मला तो हात सहन व्हायचा नाही. कोऱ्हाळ्याला ती माझ्यासाठी गेली होती हे दोघींनाही ठाऊक होतं.

मी साठीच्या घरात असताना माझी नात गरोदर राहिली आणि तिच्या रक्तात काहीतरी निघालं म्हणून पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं. माझ्यातही ते होतं. त्याला थॅलेसेमिया म्हणतात हे मला तेव्हा कळलं. माझा मायनर. म्हणजे माणूस धडधाकट राहतो, जरा फिकट, जरा दमणारा. मला माझा तो चढ आठवला आणि आईचं दटावणं. आईबाप दोघांतही मायनर असला तर एखादं मूल दोन्हीकडचं घेऊन येतं, तो मेजर. त्याला जन्मभर रक्त द्यावं लागतं. ह्यांच्या मधलाही एक प्रकार असतो. मी भावाचं वर्णन केलं तेव्हा बाई म्हणाल्या, रक्ताशिवाय सहा वर्षं काढली म्हणजे तो बहुतेक मधला असेल, आता कुणी सांगावं. नातजावयाचं रक्त स्वच्छ निघालं आणि आमचा जीव भांड्यात पडला.

मग त्यांनी हल्लीचे उपचार सांगितले. अशा मुलांना दर काही आठवड्यांनी रक्त देतात आणि त्याबरोबर अंगातलं लोखंड काढायची सुई लावतात.

"काढायची?" मी विचारलं. "द्यायची ना?"

"नाही हो आजी. रक्त फिकट दिसतं, पण ते लोखंड कमी असल्यामुळं नाही. ह्यांच्या अंगात लोखंड उलट साठत जातं, हृदयात, यकृतात. वरून दिलं तर तेवढी भरच."

मला चुलीतला तो लालभडक फाळ दिसला. नात म्हणाली, पाणी देऊ का.

बाईंनी नातेवाइकांनाही तपासून घ्यायला सांगितलं होतं. मी कोऱ्हाळ्याला निरोप धाडला. आत्या केव्हाच गेली होती. तिचा मुलगा, नातवंडांचा आजा झालेला, हसत हसत तपासायला आला आणि मला म्हणाला, "आता म्हातारपनी पत्रिका जुळवतीस व्हय?" चार दिवसांनी त्याचा निकाल आला. त्याचाही मायनर. ह्या वेळी तो हसला नाही. उसाचं कांडं देताना तो माझ्याकडे बघायचा नाही, आता जाताना मात्र त्यानं नीट बघितलं.

त्याच आठवड्यात मी शेळगावला गेले. आई ऐंशीच्या पुढं होती, डोळ्यांनी दिसत नव्हतं, तरी ओट्यावर एक गुडघा उभा करूनच बसली होती. मी तिच्याजवळ बसले आणि सांगितलं. आधी कोऱ्हाळ्याचं. "आई, कौल डावाच होता. ह्यांनी रक्त तपासून बघितलं, माझं आणि त्याचं. तिथं दिली असतीस तर माझीही पोरं तशीच निघायची. तू देवाच्या नावानं खोटं बोलली नाहीस."

"डावाच व्हता?" तिनं विचारलं.

"डावाच."

"आन् त्ये दिस? ताक चुकलं त्ये?"

"त्यानं काही झालं नाही. रक्त उतरायचंच होतं, पुण्याहून आणलेलं तेवढेच दिवस टिकायचं होतं. तू चुकवलंस म्हणून गेला नाही तो."

तिनं उभा गुडघा खाली घेतला आणि मांडी घातली. मी तिला अशी बसलेली कधी पाहिली नव्हती. मला वाटलं, झालं, आता उठावं, चहा ठेवावा. मी उठलेही. तेवढ्यात तिनं माझं लुगडं धरलं.

"म्हंजी ताकानं रगत धरत नव्हतं," ती म्हणाली. आईला कोण फसवणार! डोळे गेले होते, पण डोकं जागेवर होतं. "मग येवडं दिस फाळाचं ताक पाजलं म्या त्याला, त्यानं काय झालं?"

पाटाला पाणी आलं होतं. त्याचा आवाज ओट्यापर्यंत येत होता. मी पुन्हा खाली बसले.

"त्याला तो चर्र आवाज फार आवडायचा, आई," मी म्हणाले.